‘गोऱ्याची लढाई’ म्हणून हात झटकणाऱ्यांना

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढलेल्या मराठी शिपायाचा विषय आमच्या मुरबाड-शहापूरकडे निघाला, की एक वाक्य हमखास कानावर येते. ‘ते गोऱ्याच्या पगारावर लढले, त्यांचे आपल्याला काय?’ हे वाक्य पारावर ऐकू येते, लग्नाच्या मांडवात ऐकू येते, आणि मुलांना इतिहास शिकवणारी माणसेही ते बिनदिक्कत बोलतात. त्यातून एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घेतले तर बोलणे तिथेच संपते. पॅराशूट ब्रिगेडचा ब्रिगेडियर होप-थॉमसन आणि त्याच्या हाताखाली मणिपूरच्या सांगशाकला लढलेली मराठा पलटण यांच्याविषयी मी बोलायला लागलो, की समोरच्याचा चेहरा बदलतो. ‘आमच्या मातीत भाई कोतवाल पडले. तुमच्या साहेबाची आरती तुम्हीच ओवाळा.’

या मताची मला चीड येते, आणि ती लपवायचे मला कारण दिसत नाही. पण आधी ते मत पुरते मांडतो, म्हणजे अर्धवट मांडून मोडल्याचा आरोप नको. ते मत असे: इंग्रजांकडून लढलेला मराठी शिपाई भाडोत्री होता. तो देशासाठी लढला नाही, पोटासाठी लढला. समोर नेताजींची माणसे होती, म्हणजे तो स्वातंत्र्याच्याच विरोधात उभा राहिला. सांगशाकची लढाई तर सरळ सरळ हार होती, ब्रिगेडियरला वरिष्ठांनीच घरी बसवले, मग ती आठवायची कशाला? आणि पॅराशूट वगैरे साहेबलोकांचा शौक. आपली खरी पॅरा फौज स्वातंत्र्यानंतरची, तिचा त्या गोऱ्यांशी संबंध नाही. तात्पर्य काय, तर सिद्धगड आपला, सांगशाक परका.

सिद्धगडापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांची ढाल तीच आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा तोडला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पडले. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत लोक त्या रानात जातात, ज्योत पेटवतात, आणि जावेच. मीही त्या स्मारकापुढे मान झुकवतो. पण ज्या माणसाने अन्यायापुढे गप्प न बसण्याचा धडा दिला, त्याचेच नाव दुसऱ्या मेलेल्यांना विस्मृतीत गाडायला वापरायचे, हा कुठला न्याय? भाई कोतवालांना हौतात्म्य मिळाले त्यानंतर सव्वा वर्षाने, मार्च १९४४ मध्ये, मणिपूरच्या डोंगरात मराठी शिपाई मरत होते. एकाच्या समोर इंग्रज पोलीस होता, दुसऱ्याच्या समोर जपानी पायदळ. दोघांची आठवण एका मनात मावत नाही, असे ज्याला वाटते त्याने ती जागा कशाने भरली आहे ते तपासावे.

आता होप-थॉमसन. पूर्ण नाव एम. आर. जे. होप-थॉमसन, रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सचा अधिकारी, मिलिटरी क्रॉस मिळवलेला. १९४० च्या जूनमध्ये चर्चिलने पाच हजार पॅराशूट सैनिक तयार करा असे फर्मान काढले आणि इंग्रजांची हवाई फौज उभी राहू लागली. १९४२ च्या सुरुवातीला चौथी पॅराशूट बटालियन उभी राहिली, तिचा पहिला कमांडिंग ऑफिसर हाच. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि ५० व्या इंडियन पॅराशूट ब्रिगेडचा प्रमुख झाला. तेव्हा त्याने तिशी नुकतीच ओलांडली होती.

ही ब्रिगेड म्हणजे गोऱ्यांचा शौक होता काय? १९४१ च्या ऑक्टोबरात दिल्लीत ती उभी राहिली, तेव्हा तिच्या तीन बटालियनपैकी एक गोऱ्यांची, एक हिंदी शिपायांची आणि एक गुरख्यांची होती. हिंदी माणसाने पॅराशूट बांधून विमानातून पहिली उडी मारली तीही त्याच महिन्यात, कराचीला. उडी मारणारे होते हिंदी शिपायांच्या १५२ व्या बटालियनचे डॉक्टर लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. हेच रंगराज पुढे ६० व्या पॅरा फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख म्हणून कोरियाच्या युद्धात गेले आणि महावीरचक्राचे मानकरी ठरले. गोऱ्यांची जी बटालियन होती ती १९४२ अखेर मध्यपूर्वेत गेली, १५६ वी झाली आणि दोन वर्षांनी आर्नहेमला जवळजवळ संपली. मागे राहिलेली ब्रिगेड हिंदी आणि गुरखा शिपायांची होती, अधिकारी बहुतेक इंग्रज. तिला साहेबांचा शौक म्हणायचे, तर मेलेले शिपाई कुणाचे होते, याचे उत्तर आधी द्यायला हवे.

१९४४ च्या मार्चमध्ये ही ब्रिगेड इंफाळच्या ईशान्येला उखरूलच्या डोंगरात गेली, तीही लढाईसाठी नव्हे, जंगलातल्या सरावासाठी. तिची एक गुरखा बटालियन अजून पोचलीच नव्हती. त्या भागात आधीपासून असलेली ४९ वी ब्रिगेड घाईने दक्षिणेकडे हलवली गेली. तिची एक पलटण मात्र मागे ठेवली, ती म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, ले. कर्नल ट्रिम यांच्या हाताखालची. कोकणातली, साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची पोरे त्या रेजिमेंटमध्ये भरती होत. ते पॅराशूटवाले नव्हते, साधे पायदळ. पण त्या वाटा, ते ओढे, ती धुक्यातली चढण नव्याने आलेल्या ब्रिगेडपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होती.

वरच्या कोअरच्या मुख्यालयाला वाटत होते की या बाजूने जपानी आले तर एखादी रेजिमेंट येईल. आली ती एक सबंध डिव्हिजन, ३१ वी. तिची डावी फळी, मेजर जनरल मियाझाकीची ५८ वी रेजिमेंट, १९ मार्चला थेट या ब्रिगेडवर येऊन आदळली. ७३७८ क्रमांकाच्या टेकडीवर १५२ व्या बटालियनची एकच कंपनी होती, पावणेदोनशेच्या आसपास माणसे. मराठ्यांनी तिच्याकडे वाट काढायचा प्रयत्न केला, पण मधली वाट शत्रूने धरली होती. दुसऱ्या दिवशी ती कंपनी संपली. तिच्यातून वीसच्या आसपास माणसे परत आली.

होप-थॉमसनने विखुरलेल्या तुकड्या मागे घेतल्या आणि सांगशाक या तांगखुल नागांच्या गावी एकत्र केल्या. जागा सुमारे ८०० यार्ड लांब आणि ४०० यार्ड रुंद. एका टोकाला बाप्टिस्ट चर्च. पाणी नावापुरते. काटेरी तार मागवली होती, ती आलीच नाही. आणि जमीन! कातळावर पहार मारली की काय होते, हे आमच्या नाणेघाटाच्या पायथ्याशी विहीर खोदणाऱ्याला सांगायला नको. तिथेही तेच झाले. माती दोन-तीन फुटांवर संपली आणि खाली दगड लागला. गुडघ्या-मांडीएवढ्या खंदकात माणसे पालथी पडून लढली. २२ मार्चच्या संध्याकाळी पहिला हल्ला आला, आणि मग २६ च्या रात्रीपर्यंत तो थांबला असा नाहीच. शिपाई, गुरखे, मराठे, पहाडी तोफखाना, सॅपर, पॅरा फील्ड अँब्युलन्सचे डॉक्टर, नेपाळच्या काली बहादूर रेजिमेंटच्या तुकड्या, सगळे मिळून साधारण अठराशे-एकोणीसशे माणसे त्या टेकडीवर होती. विमानांनी रसद टाकली, ती बरीचशी शत्रूच्या हाती पडली. तळहाताएवढ्या जागेवर नेम धरून पाणी आणि दारूगोळा उतरवायचा, वारा थोडा फिरला की पॅराशूट पलीकडच्या उतारावर. तहानेने जीभ टाळूला चिकटलेला शिपाई आपल्या पाण्याचे डबे जपान्यांच्या खंदकाकडे उतरताना पाहत होता. मेलेली खेचरे आणि मेलेली माणसे तिथेच पडून, पुरायला माती नाही. जखमींवर उघड्यावर उपचार. तोफा इतक्या जवळून डागाव्या लागल्या की तोफची समोरच्या माणसाला डोळ्यांनी पाहत होते. २६ तारखेला जपानी चर्चच्या बाजूने आत घुसले, प्रतिहल्ला झाला, पुन्हा घुसले, पुन्हा प्रतिहल्ला.

त्या संध्याकाळी डिव्हिजनचा निरोप आला, वाट काढून बाहेर पडा. रात्री माणसे निघाली. जे चालू शकत होते ते चालत निघाले, ज्यांना उचलणे शक्य होते त्यांना उचलले, ज्यांना हलवताच येत नव्हते ते काही मागे राहिले. १५२ व्या बटालियनची साडेतीनशेच्या आसपास माणसे त्या आठवड्यात गेली किंवा जायबंदी झाली.

ही हार होती, असे आपले लोक म्हणतात. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की त्या वेळचे इंग्रज वरिष्ठही तेच म्हणाले. होप-थॉमसन आजारी आणि पुरता खचलेला, त्याला रुग्णालयात पाठवले, ब्रिगेड काढून घेतली. इंफाळात वाचून आलेल्या माणसांकडे संशयाने पाहिले गेले, जणू ती पळून आली होती.

मग हिशेब करूच. मियाझाकीला सांगशाक घ्यायचे नव्हतेच. ते शेजारच्या १५ व्या डिव्हिजनच्या वाट्याचे गाव होते, त्याचे लक्ष्य कोहिमा होते. तरी तो तिथे थांबला आणि जवळजवळ आठवडा घालवून बसला. त्याच आठवड्यात काय चालले होते? १९ मार्चच्या सुमारास अराकानहून पाचवी इंडियन डिव्हिजन विमानाने उचलून आणायला सुरुवात झाली होती. कोहिमात लढाऊ फौज अशी जवळजवळ नव्हतीच, तिथल्या बचावाची मांडणी नुकती सुरू होत होती. कोहिमाच्या मागे दिमापूरचा तळ, अकरा मैल लांब पसरलेली कोठारे, त्याला धड संरक्षण नाही. दिमापूर पडले असते तर इंफाळ उपाशी मेले असते आणि आसामातली रेल्वे तुटली असती. जपानी कोहिमाला भिडले ते ४ एप्रिलला, आणि दुसऱ्याच दिवशी रॉयल वेस्ट केंटची पलटण तिथे पोचली. एका दिवसाच्या अंतराने वाचलेले ते गाव. नंतर कोहिमाचा वेढा फोडायला गेलेली दुसरी ब्रिटिश डिव्हिजन तर आपल्या अहमदनगरच्या छावणीतून निघालेली होती, ती देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वेने पोचेपर्यंतचा वेळ कुणी मिळवून दिला? त्या टेकडीवर मांडीएवढ्या खंदकात पालथ्या पडलेल्या माणसांनी. त्याच लढाईत एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमाकडच्या चालीचा नकाशा सापडला आणि त्याच्या प्रती जिवावर उदार होऊन इंफाळला पोचवल्या गेल्या. त्यांचे मोल तिथे वेळेवर ओळखले गेले नाही, हा दोष टेकडीवरच्या माणसांचा नाही.

चुकले कोण? चौदाव्या सैन्याचा सेनापती स्लिम याने १९५६ मध्ये आपल्या आठवणी छापल्या, त्यात कोहिमाकडे येणाऱ्या फौजेचा अंदाज आपण चुकलो हे त्याने मोकळेपणी कबूल केले. १९४४ मध्येच त्याने सांगशाकच्या कामगिरीची जाहीर दखलही घेतली. पण तोवर ब्रिगेडियरच्या डोक्यावर खापर फुटून झाले होते. सेनापतीची चूक आठवणींच्या पुस्तकात क्षम्य ठरते आणि तिशीतल्या ब्रिगेडियरची कारकीर्द त्याच चुकीच्या ओझ्याखाली मोडते, याला लष्करी न्याय म्हणतात काय? पाणी नसलेली टेकडी का निवडली, असे विचारणारे विचारतात. हातात दीड दिवस, चिंदविन नदीकडून येणाऱ्या वाटा तिथे एकत्र येतात, तुकड्या वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेल्या, आणि त्याही त्याने नव्हे, आधीच्या ब्रिगेडने विखुरलेल्या. त्याने दुसरी कुठली टेकडी घ्यायची होती? त्या लढाईत स्वतः असलेल्या हॅरी सीमन या अधिकाऱ्याने १९८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहून हा अन्याय वेशीवर टांगला. पंचेचाळीस वर्षे लागली.

आर्नहेमशी ताडून पाहा. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समध्ये इंग्रजांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन उतरली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, परत नदी ओलांडून आली ती दोन हजारांच्या थोडी वर. पूल हातात आला नाही. ती निखळ हार होती. पण तिच्यावर पुस्तके, चित्रपट, दरवर्षीचे सोहळे, आणि तिथला प्रत्येक अधिकारी घराघरांत ठाऊक. सांगशाकच्या माणसांनी जे राखायचे होते ते राखायला आठवडा मिळवून दिला, आणि त्यांच्या वाट्याला विस्मृती आली. का? आर्नहेमला मेलेले बहुतेक गोरे होते, सांगशाकला मेलेले बहुतेक काळे. इंग्रजांनी विसरणे समजू शकते. आपण का विसरलो? आपण त्यांच्याच विसरण्याला देशभक्तीचे नाव दिले, ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

आता तो ‘भाडोत्री’ शब्द. पहाटे पाचला मुरबाडहून म्हशाच्या रस्त्याने जा, नाहीतर शहापूरहून आसनगावच्या बाजूला. रस्त्याच्या कडेने पोरे धावताना दिसतील. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी. कुणाच्या पायात धड बूट नाहीत. भरतीची तयारी चालली आहे. एखाद्याच्या मोटारसायकलवर पॅरा कमांडोंच्या बलिदान बिल्ल्याचे स्टिकर चिकटवलेले असते. ही पोरे पगारासाठी पळत नाहीत काय? पळतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. भातशेती वर्षाकाठी एकदाच पिकते, भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि घरात चार तोंडे. नोकरीसाठी कसाऱ्याची लोकल धरणारा आणि नोकरीसाठी भरतीला जाणारा, दोघे एकाच घरचे. २०२२ पासून तर चार वर्षांचीच अग्निवीर भरती आहे. त्या पोराला उद्या सीमेवर गोळी लागली तर आपण त्याला भाडोत्री म्हणू काय? मग ज्याने १९४४ मध्ये कर्जापायी, दुष्काळापायी अंगठा उठवून नाव नोंदवले, त्याला कोणत्या तोंडाने म्हणता?

आणि पगारासाठी माणूस किती करतो, यालाही मर्यादा असते. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा, इटलीत १० जुलै १९४४ ला त्याच्या सेक्शनची माणसे जवळून आलेल्या मशीनगनने कोसळली. तो एकटा धावला. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या नळीला धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. वय बावीस. माणगावात त्याचा पुतळा आहे. त्या क्षणी त्याला महिन्याचा पगार आठवत होता, असे म्हणायची हिंमत माणगावात जाऊन करावी.

शिवाय ज्यांना आपण इंग्रजांचे आंधळे चाकर समजतो, त्याच गणवेशातल्या माणसांनी १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावर बंड केले आणि ते बंदरोबंदर पसरले. आझाद हिंद सेनेवरच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यांच्या वेळी छावण्यांतल्या शिपायांची सहानुभूती कुणाकडे होती, हे इंग्रजांना नीट कळले होते. सैन्य आपल्या हाताबाहेर चालले आहे, ही भीती इंग्रजांना त्यांनीच घातली. या माणसांना डोके होते, मन होते. त्यांना फक्त शिधा आणि पगार दिसत होता, हा आपला समज आहे आणि तो आपल्याच आजोबांचा अपमान आहे.

नेताजींचे नाव या वादात ओढणाऱ्यांना मी आदरानेच सांगतो. आझाद हिंद सेनेच्या मुख्य तुकड्या त्या मोहिमेत हाका-फालम आणि तामू-पलेलच्या बाजूला होत्या. सांगशाकच्या टेकडीवर चढून आली ती जपानची ५८ वी रेजिमेंट. आणि जपानचे राज्य म्हणजे काय असते, हे अंदमानला विचारावे. सांगशाकच्या दोनच महिने आधी, ३० जानेवारी १९४४ ला, हंफ्रेगंजला जपान्यांनी चव्वेचाळीस हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. नेताजींच्या त्यागापुढे मान झुकवता येते आणि तरीही म्हणता येते, की जपानी फौज आसामच्या सपाटीवर उतरली असती तर ती मुक्ती देणारी ठरली नसती. ज्या तांगखुल नागांचे गाव त्या लढाईत उद्ध्वस्त झाले, त्यांची तर या वादात कुणाला आठवणच येत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, की आपली पॅरा फौज वेगळी, त्या गोऱ्यांची वेगळी. हा निव्वळ अडाणीपणा आहे. सांगशाकला लढली ती ५० वी पॅराशूट ब्रिगेड. १९४७-४८ मध्ये काश्मीरात नौशेरा राखणारी ब्रिगेड कोणती? तीच, ५० वी पॅरा, ब्रिगेडियर महंमद उस्मान यांची. पाकिस्तानकडे गेलेले झांगड मार्च १९४८ मध्ये परत घेतले त्यातही ती होती, आणि तिच्यात तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, पॅराशूटसाठी निवडलेली. ३ जुलैला उस्मान झांगडलाच तोफेच्या गोळ्याने गेले. ही तिसरी बटालियन म्हणजे यशवंत घाडग्याचीच पलटण. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या वाटेवर टांगाईलला आकाशातून उतरली ती हीच, ले. कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या हाताखाली. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल तिने ताब्यात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून लढत येऊन तिला मिळाली ती पहिली मराठा लाइट इन्फंट्री. चार दिवसांनी ढाका पडले, तेव्हा आत शिरणाऱ्यांत पुढे होती ही दुसरी पॅरा. सांगशाकचा खंदक आणि पुंगलीचा पूल यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे आहेत, ब्रिगेड एक, परंपरा एक, आणि दोन्हीकडे मराठी शिपाई. टांगाईलला टाळ्या वाजवणाऱ्याने सांगशाकला नाक मुरडले तर तो आपल्याच इतिहासाची पहिली पाने फाडतो.

होप-थॉमसनचे नाव मी का घेतो, हा प्रश्न तरीही राहील. साहेबाची पालखी उचलायला नव्हे. तो साम्राज्याचा अधिकारी होता, साम्राज्य वाईट होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ब्रिगेडियरवर ठेवलेला ठपका फक्त त्याच्यावर राहिला नाही. सेनापती नालायक ठरला की त्याच्या हाताखाली मेलेली माणसे आपोआप फुकट मेलेली ठरतात. सांगशाकच्या मराठा पलटणीचे नेमके हेच झाले. इंग्रजांनी ब्रिगेडियरला बाजूला सारले, त्याच्यासोबत लढाई बाजूला गेली, लढाईसोबत शिपाई बाजूला गेले, आणि स्वातंत्र्यानंतर आपण ‘गोऱ्याची लढाई’ म्हणून त्यांच्यावर आणखी माती लोटली. त्या अधिकाऱ्याला न्याय दिल्याखेरीज आपल्या माणसांना न्याय देता येत नाही, म्हणून मी त्याचे नाव घेतो, आणि घेत राहणार.

रंगूनजवळ तौक्यानला जे स्मारक आहे, त्यावर बर्माच्या लढाईत मेलेल्या, पण ज्यांची कबर नाही अशा सुमारे सत्तावीस हजार सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचीही नावे आहेत. इंफाळच्या लष्करी स्मशानभूमीत दहन झालेल्या हिंदू आणि शीख शिपायांचे वेगळे स्मारक आहे. ती नावे वाचायला आपल्याकडून कुणी जात नाही.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या, आणि त्यापलीकडे कोकण-देशावरच्या प्रत्येक घराला माझे एक सांगणे आहे. आजोबांच्या, पणजोबांच्या ट्रंकेत बर्मा स्टार असेल, डिस्चार्ज बुक असेल, पेन्शनचा कागद असेल, तर ते भंगारवाल्याच्या हातात जाऊ देऊ नका. त्या कागदावर शिपायाचा नंबर असतो, पलटणीचे नाव असते. ते उतरवून घ्या, फोटो काढा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा, गावच्या शाळेत नोंदवा. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांनी पळण्याच्या वेळेबरोबर १९ ते २६ मार्च १९४४ या तारखाही पोरांकडून पाठ करून घ्यावी. आणि इतिहास शिकवणाऱ्यांनी तरी यापुढे एकाही मेलेल्या शिपायाला वर्गात उभे राहून भाडोत्री म्हणू नये.